दगडासोबत आलेले पाहुणे: ‘हा जीव आला कुठून?’ हे कसं शोधायचं



आजचा विषय आहे खाऱ्या पाण्याच्या फिशटँकमध्ये कोणी न सोडता आलेले जीव. बिडकीनमध्ये बसून हा विषय कशाला, असं वाटू शकतं. मुंबईचा समुद्र आपल्यापासून रस्त्याने साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. पण तुम्ही पेटची किंवा सेट-नेटची तयारी करत असाल, पुढे प्रयोगशाळेत काम करणार असाल, तर एक प्रसंग तुमच्यावर नक्की येणार आहे. तुम्ही ठेवलेली नाही अशी एखादी गोष्ट तुमच्या प्रयोगात दिसेल. बुरशी असेल, जिवाणूंची वसाहत असेल, एखादी अळी असेल. त्या वेळी दोन मोह होतात. एक, गुपचूप फेकून द्यायची. दुसरा, ‘नवीन काहीतरी सापडलं’ म्हणून लगेच स्टेटसला फोटो टाकायचा. या गडबडीत एक साधा प्रश्न विचारायचा राहून जातो: हा जीव आला कुठून?

या प्रश्नाच्या सरावासाठी फिशटँक फार सोयीचा आहे. चारही भिंती काचेच्या आणि आत काय काय टाकलं त्याची यादी करता येते. तरीही आत काय निघेल याचा भरवसा नाही.

लाइव्ह रॉक म्हणजे काय?

खाऱ्या पाण्याच्या टाकीत जे खडक ठेवतात त्यांना लाइव्ह रॉक म्हणतात. दगड स्वतः जिवंत नसतो. तो बहुतेक वेळा मेलेल्या प्रवाळांचा जुना सांगाडा असतो, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. जिवंत असतात ते त्याच्यावर आणि त्याच्या छिद्रांत राहणारे जीव. वरून गुलाबी-जांभळं शेवाळ, आत जिवाणू, स्पंज, किडे.

हा दगड टाकीत ठेवतात तो फक्त शोभेसाठी नाही. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात आणि तो त्यांच्यासाठीच विषारी असतो. दगडाच्या पृष्ठभागावरचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात. दगडाच्या आतल्या भागात ऑक्सिजन कमी पोचतो. तिथले वेगळे जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून टाकतात. बारावीला पाठ केलेलं नायट्रोजन चक्र इथे एका नारळाएवढ्या दगडात चालू असतं.

म्हणजे दगड उपयोगी पडतो तो त्याच्यातल्या जीवांमुळे. आता गंमत अशी की हवे तेवढे जीव घ्या आणि नको ते वगळा, अशी सोय इथे नाही. दगड आला की त्याचं अख्खं गाव सोबत येतं.

प्रवासात हे जीव जगतात कसे?

समुद्रातून काढलेला असा दगड ओल्या कागदात गुंडाळून खोक्यात भरून पाठवला जात असे. वाटेत बरेच जीव मरतात. म्हणून दगड आला की तो थेट टाकीत न ठेवता काही आठवडे वेगळ्या टबात खाऱ्या पाण्यात ठेवतात, मेलेलं सगळं कुजून जाऊ देतात आणि अमोनिया शून्यावर आला की मगच वापरतात. एवढं करूनही काही जण टिकतात. त्याचे तीन मार्ग आहेत.

पहिला, लपण्याचा. छिद्राच्या तळाशी थोडं पाणी राहतं. खेकडा, कोळंबी, अळी तिथे तग धरतात.

दुसरा, लहान अवस्थेचा. अंडी, बीजाणू, डिंभक इतके बारीक असतात की डोळ्यांना दिसत नाहीत. ते मोठे होऊन दिसेपर्यंत महिने जातात.

तिसरा, तुकड्याचा. काही जिवांचा छोटासा तुकडा राहिला तरी त्यातून पूर्ण जीव तयार होतो.

दुसरा मार्ग नीट लक्षात ठेवा. टाकीत नवीन जीव दिसला की आपण सगळ्यात शेवटी काय टाकलं त्याच्यावर संशय घेतो. मागच्या आठवड्यात नवा मासा आणला, म्हणजे त्याच्यासोबतच आला असणार. पण तो जीव सहा महिन्यांपूर्वीच्या दगडातून अंड्याच्या रूपात आलेला असू शकतो. दिसण्याची तारीख आणि येण्याची तारीख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रयोगशाळेतल्या संसर्गालाही हेच लागू पडतं.

कोण कोण येतं?

बहुतेक पाहुणे निरुपद्रवी असतात. कोपेपॉड, ॲम्फिपॉड हे बारीक कवचधारी माशांचं खाद्य होतात. काटेरी केसांच्या अळ्या उरलेलं अन्न साफ करतात. काही दिसण्याआधी ऐकू येतात: पिस्तूल कोळंबी नांगी इतक्या जोरात मिटते की काचेवर टिचकी मारल्यासारखा आवाज येतो. मँटिस श्रिम्प हा त्याहून खतरनाक. त्याच्या एका मोठ्या प्रजातीच्या ठोशाचा वेग शीला पटेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये मोजला, तो सेकंदाला २० मीटरहून जास्त निघाला. असा पाहुणा दगडात असेल तर टाकीतले गोगलगाई-खेकडे एकेक करून गायब होतात.

इंग्लंडमधल्या न्यूके इथल्या ब्लू रीफ मत्स्यालयात २००९ मध्ये असंच झालं. प्रवाळ कापल्यासारखे दिसत, मासे जखमी होत, काही नाहीसे होत. कर्मचाऱ्यांनी सापळे लावले, तेही तोडले गेले. शेवटी अख्खी टाकी दगड-दगड काढून रिकामी केली तेव्हा सुमारे चार फूट लांबीची एक अळी निघाली. बॉबिट वर्म या नावाने ती ओळखली जाते. ती दिवसा दगडात दडून बसते आणि रात्री शिकार करते. आधी परिणाम दिसला, मग आडाखा बांधला, मग एकेक शक्यता काढून टाकत कारणापर्यंत पोचले. संशोधनाचा बराचसा वेळ असाच जातो.

काचेवर सापडलेला एक अख्खा संघ

आता अशा एका पाहुण्याकडे येऊ, ज्याने प्राणिशास्त्राच्या पुस्तकात एक नवं पान घालायला लावलं.

१८८३ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझ विद्यापीठात फ्रान्झ आयलहार्ड शुल्झे यांना खाऱ्या पाण्याच्या टाकीच्या काचेवर चपटा, राखाडी, जेमतेम काही मिलिमीटरचा जीव सरकताना दिसला. त्याला तोंड नाही, आतडं नाही, चेता नाहीत, डावं-उजवं नाही. ग्राझ समुद्रापासून लांब, डोंगराळ भागातलं शहर. कुणी हा जीव मुद्दाम आणलेला नव्हता. शुल्झे यांनी त्याला ट्रायकोप्लॅक्स ॲढेरेन्स असं नाव दिलं.

पुढे काय झालं ते महत्त्वाचं. १९०७ मध्ये दुसऱ्या एका शास्त्रज्ञाने सांगितलं की हा स्वतंत्र प्राणी नाहीच, जेलीफिशच्या गटातल्या एका जिवाचा डिंभक आहे. हे स्पष्टीकरण सोपं होतं, पुस्तकांनी ते उचललं आणि ट्रायकोप्लॅक्स अर्धशतकाहून अधिक काळ बाजूला पडला. कार्ल ग्रेल यांनी त्याचं पुनरुत्पादन नीट पाहिलं आणि १९७१ मध्ये त्याच्यासाठी प्लॅकोझोआ हा स्वतंत्र संघ मांडला. २००८ मध्ये त्याचा जीनोम प्रसिद्ध झाला: सुमारे ९.८ कोटी अक्षरांचा, साडेअकरा हजारांच्या आसपास जनुकांचा. मज्जासंस्था नसलेल्या या प्राण्यात, इतर प्राण्यांच्या मज्जासंस्थेत काम करणारी कितीतरी जनुकं सापडली. प्राण्यांच्या उत्क्रांतीवर बोलताना आज या चपट्या ठिपक्याला टाळता येत नाही.

एवढ्यावर गोष्ट संपत नाही. प्लॅकोझोआ सूक्ष्मदर्शकाखाली सगळे जवळपास सारखेच दिसतात, पण डीएनए पाहिल्यावर त्यांच्यात खूप वेगवेगळे वंश निघाले. २०१८ मध्ये हाँगकाँगच्या किनाऱ्यावर मिळालेल्या एका वंशाला होइलुंगिया हे वेगळं प्रजातीनाम दिलं गेलं, तेही मुख्यतः जीनोमच्या फरकावरून. मग ग्राझच्या काचेवरचा जीव नेमका कोणत्या वंशातला होता? नुसत्या वर्णनावरून आणि चित्रावरून हे ठरवता येत नाही. म्हणून आजचा नियम असा: अनोळखी जीव दिसला तर फोटो, वर्णन आणि सोबत एक नमुना शुद्ध अल्कोहोलमध्ये. फॉर्मेलिनने आकार टिकतो, पण डीएनए खराब होतो. शक्य असेल तर दोन्ही ठेवा.

उपद्रवी पाहुणा, कामाचा पाहुणा

टाकी पाळणाऱ्यांना सगळ्यात जास्त वैताग देणारा जीव म्हणजे आयप्टेशिया. काचेसारखं पारदर्शक, तपकिरी छटेचं छोटं समुद्रफूल. उपटायला गेलं तर तळाचा तुकडा दगडाला चिकटून राहतो आणि त्यातून नवं समुद्रफूल उगवतं. एकाचे चार होतात. लोक त्याच्यावर लिंबाचा रस टोचतात, कॅल्शियमचा लेप लावतात, त्याला खाणारे समुद्री गोगलगाईसारखे जीव आणतात.

नेमका हाच चिवटपणा संशोधकांना हवा होता. प्रवाळांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं आणि त्याच्याकडून प्रवाळाला अन्न मिळतं. पाणी तापलं की ही भागीदारी तुटते, शैवाल निघून जातं आणि प्रवाळ पांढरे पडतात. याला विरंजन म्हणतात. मालवणच्या सागरी अभयारण्यातही २०१४ मध्ये याची नोंद झाली आहे. भागीदारी तुटते कशी हे पेशीच्या पातळीवर समजून घ्यायचं, तर प्रवाळ हा अवघड प्राणी. तो हळू वाढतो, भोवती कडक सांगाडा असतो, बहुतेक प्रजाती वर्षातून मोजक्याच वेळी अंडी सोडतात आणि शैवाल गेलं की उपासमारीने मरतात.

आयप्टेशियामध्ये तसंच शैवाल राहतं, पण सांगाडा नाही. तो भराभर वाढतो. एका जिवापासून हुबेहूब हजारो जीव करता येतात, म्हणजे जनुकीय फरकाचा घोळ नाही. आणि शैवाल काढून टाकलं तरी बाहेरून खायला दिलं की जगतो. म्हणजे शैवालासह आणि शैवालाविना असे दोन गट समोरासमोर ठेवता येतात. यापेक्षा स्वच्छ तुलना कुठली? २०१५ मध्ये त्याचा जीनोम प्रसिद्ध झाला आणि आज प्रवाळ-शैवाल नात्याचा अभ्यास करणाऱ्या अनेक प्रयोगशाळांत तो मुद्दाम वाढवला जातो.

संशोधन प्रस्ताव लिहिताना ‘हाच प्राणी का निवडला?’ हा प्रश्न हमखास येतो. उत्तर आयप्टेशियासारखं हवं: माझ्या प्रश्नासाठी कोणते गुण लागतात, आणि ते गुण या जिवात आहेत का. सुंदर आहे, दुर्मीळ आहे, ही उत्तरं पुरत नाहीत.

नवीन दिसलं म्हणजे नवीन आलं का?

आता मूळ प्रश्नाकडे. मालवणात जन्मलेले वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर, ज्यांच्या नावाने आज पुण्याची आघारकर संशोधन संस्था आहे, त्यांना तरुणपणी सह्याद्रीतल्या ओढ्यानदीत गोड्या पाण्यातली जेलीफिश सापडली. तोवर ती जात आफ्रिकेतच आहे असं मानलं जात होतं. १९१२ मध्ये हा शोध ‘नेचर’मध्ये आला. आता दोन शक्यता मांडा. एक, ती अलीकडे कुठूनतरी इथे आली. दोन, ती आधीपासून इथेच होती, पाहणारं कुणी नव्हतं. पश्चिम घाटातली ही जेलीफिश वेगळी प्रजाती ठरली आणि तिच्या नावातच इंडिका आहे. आपल्याला नवीन, पण जागेला नवीन नाही.

या दोन शक्यतांत निवड करता येत नसेल तर काय म्हणायचं? जेम्स कार्लटन यांनी १९९६ मध्ये त्यासाठी एक शब्द रूढ केला: क्रिप्टोजेनिक. म्हणजे मूळ गुप्त असलेली प्रजाती, जी देशी की परकी हे पुराव्याने ठरत नाही. ‘माहीत नाही’ यालाही एक रकाना लागतो, हे शास्त्राने मान्य केलं. तुमच्या वहीतही तो रकाना ठेवा.

मुंबईचं बंदर ही एक मोठी टाकीच

लाइव्ह रॉकसोबत जे घडतं ते जहाजांसोबत शेकडो वर्षं घडत आलं आहे. जहाजाच्या बुडाला शिंपले, शेवाळ, किडे चिकटतात. तोल सांभाळण्यासाठी टाक्यांत भरलेलं बॅलास्ट पाणी एका बंदरात आत घेतात आणि दुसऱ्या बंदरात सोडतात. त्यातून डिंभक प्रवास करतात.

मायटिलॉप्सिस सॅली हा मेक्सिकोचं आखात आणि कॅरिबियन भागातला छोटा, काळपट शिंपला. १९६७ मध्ये तो विशाखापट्टणम बंदरात दिसला आणि १९७० च्या दशकात मुंबईच्या नौदल गोदीतही नोंदवला गेला. तो गुच्छांनी वाढतो, जहाजांची बुडं, पाण्याचे पाइप, लाकडी खांब भरून टाकतो. आपल्याकडे तो कायमचा राहायला आला.

हाच शिंपला मार्च १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डार्विनच्या कलन बे मरीनामध्ये दिसला. तिथे काही चौरस मीटरमागे हजारो शिंपले झाले होते. पण तिथे एक गोष्ट हाताशी होती. जेमतेम सहा महिन्यांपूर्वी पाणबुड्यांनी त्याच जागेचं सर्वेक्षण केलं होतं आणि तेव्हा हा शिंपला नव्हता. म्हणजे तो नक्की नवा, आणि फार पसरायला त्याला वेळ मिळालेला नाही, हे लगेच कळलं. मरीनाला बंद करता येणारी दारं होती. ती लावून आतल्या पाण्यात ब्लीच आणि मोरचूद टाकलं आणि काही आठवड्यांत शिंपला संपवला. आतले इतर जीवही मेले, ही त्याची किंमत.

दोन्हीकडे शिंपला तोच. डार्विनला बंद होणाऱ्या दारांचा फायदा होताच, पण दारं लावायची की नाही हे ठरलं त्या आधीच्या सर्वेक्षणाच्या जोरावर. यालाच आधाररेषा म्हणतात. आधी काय होतं याची नोंद नसेल तर नवं काय ते ओळखताच येत नाही. म्हणूनच २००० नंतर आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या बॅलास्ट पाणी कार्यक्रमात जगातल्या सहा बंदरांत मुंबई निवडली गेली, तेव्हा गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने बंदरातल्या जीवांची यादी करण्याचं काम हाती घेतलं. बॅलास्ट पाण्याबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार २००४ मध्ये झाला आणि ८ सप्टेंबर २०१७ पासून लागू झाला. अशी यादी करणं कंटाळवाणं असतं, त्यातून लगेच पेपर निघत नाही. पण एक दिवस सगळा निर्णय त्या यादीवर येऊन ठेपतो.

टाकीतून बाहेर गेलं तर?

कॉलर्पा टॅक्सिफोलिया हे हिरवंगार, पिसासारखं समुद्री शैवाल. युरोपातल्या मत्स्यालयांत त्याचा थंडीला न घाबरणारा वाण शोभेसाठी ठेवत. १९८४ मध्ये मोनॅकोच्या समुद्रविज्ञान संग्रहालयाच्या अगदी खाली, समुद्रात त्याचा सुमारे एक चौरस मीटरचा पट्टा दिसला. तो भूमध्य समुद्रात पसरत गेला. ते संग्रहालयातूनच गेलं की समुद्रमार्गे आपोआप आलं, यावर बरीच वर्षं वाद चालला. वाद चालू असताना शैवाल थांबलं नव्हतं.

२००० मध्ये तेच शैवाल कॅलिफोर्नियातल्या एका खाडीत सापडलं. डीएनए तपासणीत कॅलिफोर्नियातलं, भूमध्य समुद्रातलं आणि मत्स्यालयातलं शैवाल एकच निघालं. तिथे लगेच ताडपत्र्या टाकून, खाली क्लोरीन सोडून ते मारायला सुरुवात झाली. २००६ मध्ये ते संपल्याचं जाहीर झालं, तोवर ७० लाख डॉलरहून अधिक खर्च झाला होता. सुरुवात बहुधा कुणीतरी ओतून दिलेल्या टाकीच्या पाण्याने.

आपल्याकडे खाऱ्या पाण्यातला जीव नाथसागरात जगणार नाही. पण गोड्या पाण्यातला जगतो. शहरातल्या दुकानात काच साफ करायला म्हणून मिळणारा सकर मासा आज उजनी धरणात मच्छीमारांच्या जाळ्यात येतो. मोठा झाला, टाकीत मावेना, म्हणून दया येऊन कुणीतरी सोडून दिला, असे हे मासे पाण्यात पोचतात. १९५२ मध्ये मुद्दाम भारतात आणलेली तिलापिया, आपली चिलापी, धरणाधरणांत कशी स्थिरावली ते बाजारात बघतोच. म्हणून टाकीतला कोणताही जीव नाल्यात, विहिरीत, धरणात सोडायचा नाही. पाणीसुद्धा ब्लीच टाकून, एक दिवस ठेवून मगच ओतायचं.

बिडकीनमध्ये करता येईल असा प्रयोग

लाइव्ह रॉक नाही म्हणून अडायचं कारण नाही. आपल्याकडे त्याचा भाऊ आहे: उन्हाळ्यात आटलेल्या पाझर तलावाची भेगाळलेली माती. त्या मातीत कोपेपॉड, ऑस्ट्रॅकॉड, डॅफ्निया-मोइनासारखे जलपिसू यांची सुप्त अंडी असतात. ती सुकून वर्षानुवर्षं थांबू शकतात आणि पाणी मिळालं की उघडतात.

मे महिन्यात तळाच्या चार-पाच जागांवरून वरची दोन-तीन सेंटिमीटर माती घ्या. जागा, तारीख, खोली लिहा. माती मिसळून दोन भाग करा. एक भाग तसाच ठेवा. दुसरा ओलसर करून डब्यात घालून घरच्या कुकरमध्ये पाऊण तास पूर्ण दाबाखाली ठेवा. पाणी उकळून, गार करून, बाटलीत जोरात हलवा, म्हणजे उकळताना गेलेला ऑक्सिजन परत मिसळेल. आता काचेच्या बरण्या तीन गटांत लावा, प्रत्येक गटात तीन.

पहिला गट: साधी माती आणि हे पाणी.
दुसरा गट: कुकरमधली माती आणि हे पाणी.
तिसरा गट: फक्त पाणी.

सगळ्यांवर मलमलचं कापड बांधा, नाहीतर डास अंडी घालतील आणि अळ्यांनाच तुम्ही शोध समजाल. उजेड द्या, थेट ऊन नको. रोज एकाच वेळी, भिंगातून, पंधरा-वीस दिवस पाहा.

आता निकाल वाचायचा कसा? फक्त पहिल्या गटात जलपिसू दिसले तर ते मातीतून आले असं म्हणायला आधार आहे. पहिल्या आणि दुसऱ्या दोन्हींत बारीक पक्ष्माभिकी जीव दिसले तर कुकर कमी पडला किंवा ते हवेतून आले. तिसऱ्यातही दिसले तर पाणी, बरणी किंवा हवा यांच्यावर संशय घ्या. तीनपैकी एकाच बरणीत दिसलं तर ती त्या बरणीची गोष्ट आहे, गटाची नाही. दुसरा आणि तिसरा गट कंटाळवाणे वाटतील, कारण त्यांत बहुधा काहीच होणार नाही. पण पहिल्या गटाच्या निकालाला अर्थ येतो तो त्यांच्यामुळेच. मुलाखतीत ‘कंट्रोल का ठेवला?’ विचारलं तर व्याख्येऐवजी या बरण्या सांगा.

वहीत काय लिहायचं?

अनोळखी जीव दिसला की त्याच दिवशी एवढं लिहा: तारीख आणि वेळ, नेमकी जागा, किती होते, आकार, शेजारी मोजपट्टी ठेवून काढलेला फोटो, हालचाल, पाण्याचं तापमान, मागच्या सहा महिन्यांत आत गेलेल्या सगळ्या गोष्टींची यादी, त्यात अन्न, जाळी, दुसऱ्या टाकीतलं पाणी आणि आपले हातही. मग ‘कुठून आला’ याच्या निदान तीन शक्यता लिहा आणि प्रत्येकीसमोर ती चुकीची ठरेल असा एक पुरावा. नाव शेवटी. नाव आधी लिहिलं की डोळे पाहायचं थांबतात.

दोन सूचना जिवाच्या आणि कायद्याच्या. लाइव्ह रॉकवरचा नको असलेला जीव मारण्यासाठी दगड उकळायचा नाही. झोअँथिड गटातल्या काही जिवांत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष असतं. ते १९७१ मध्ये हवाई बेटांवर वेगळं केलं गेलं. दगड उकळताना वाफेतून ते श्वासात जाऊन घरातली माणसं दवाखान्यात दाखल झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. आणि भारतात दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे हे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणला सहलीला गेलात तर प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून उचलायचा नाही. ज्यांना टाकीच ठेवायची आहे त्यांनी सिमेंटचे कृत्रिम किंवा पूर्ण कोरडे दगड घ्यावेत. त्यांवर जिवाणू वसायला काही आठवडे जास्त लागतात, एवढाच फरक.

प्रयोगासाठी माती घेताना सरपंचांना किंवा तलावावर मासेमारी करणाऱ्यांना विचारून घ्या. बरण्यांतलं पाणी शेवटी उकळून मगच ओता. आणि पहिल्या गटात काहीच निघालं नाही, तर तेही तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या वर्षी त्याच तलावाच्या मातीतून काही निघालं, तर ते नवं आहे की नाही हे सांगायला तुमच्याकडे तीच एक नोंद असेल.